चुलत्याचा च

दिल्ली, नोएडा, गुडगाव आणि मधे जे काही बांधकाम चालू आहे त्या सगळ्या मुलखात अस्सल मराठी 'च' फक्त एका माणसाच्या वरच्या, पुढच्या दोन दातांच्या आधाराने टिकून आहे, असं माझ्या बायकोच्या मावशीच्या यजमानांचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे अर्थात ते स्वतः; मी पुण्यात वाढलेला असलो तरी मला ते त्यात धरत नसत. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मयूर विहारात राहतात असं पत्ता सांगतो; खरं तर ते तिथे येरझाऱ्या घालतात. काकांना बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. चहा ते खिडकी ते दार असा फिरता पितात. मेट्रोत जागा मिळाली तर एका स्टेशनापुरते टेकतात आणि मग दार नीट उघडतंय ना हे बघायला उठतात. मावशी म्हणतात, "आमच्या लग्नात हे फक्त सप्तपदीला खूश होते. चालायचं होतं ना!"

या अस्वस्थतेला रविवारी सकाळी काम मिळे. सोसायटीच्या हॉलमध्ये दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांचा उच्चारवर्ग ते फुकट घेत. मराठीत च दोन, एक चहातला आणि एक चमच्यातला, हे वाचकांना सांगायला नको. पण इथल्या मुलांना चहातलाच ठाऊक असतो आणि ती चमचाही त्यानेच उचलतात. त्यांच्यासाठी काकांनी कसोटीचं वाक्य घडवलं होतं: 'चोराने चुलीवरचा चमचा चाटला.' माझ्या मुलीने ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा काका कळवळले.

"हा चाचाचा च झाला. मला चुलत्याचा च पाहिजे."

"पण आजोबा, दोघं एकच तर असतात ना?"

"नात्याने एक. जिभेने नाही."

मग ओठ वर ओढून, दोन दातांच्या मागे जीभ कुठे टेकते ते प्रत्येक मुलाला जवळ बोलावून दाखवायचं. एवढ्या जवळून पाहिलेले दात विसरता येत नाहीत. मुलं घरी आईबापांचेही तपासत.

नेमके तेच दोन दात किडले. आता दिल्लीतल्या मराठी माणसांचे दोन वर्ग आहेत: सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, ज्यांच्या खिशात आरोग्यकार्ड असतं, आणि काका. ते जन्मभर एका खाजगी जाहिरात कंपनीत मराठी मजकूर तपासत होते. त्यांनी विमा काढला होता, पण विमा कंपनीच्या लेखी माणूस हिरड्यांपाशी संपतो. अपघातात दात पडला तरच भरपाई, असं फोनवरच्या मुलीने सांगितल्यावर काकांनी अदबीने विचारलं, "किती पायऱ्यांवरून पडलं की चालतं?" मावशींनी फोन काढून घेतला.

मग मी त्यांना नोएडातल्या एका दवाखान्यात नेलं. ज्या दवाखान्यात शिरताच धबधबा दिसतो तिथे आपलं काम होणार नाही हे मला कळायला हवं होतं. ब्लेझर घातलेल्या एका मुलीने त्यांचा फोटो काढला आणि पडद्यावर एक हसरा, गोरटेला म्हातारा दाखवला.

"ये कौन है?" काकांनी विचारलं.

"सर, आप ही हैं. ट्रीटमेंट के बाद."

"अच्छा आदमी लगता है. बिल यही भरेगा?"

बिलाचा आकडा मी इथे देत नाही. बाहेर पडल्यावर काका रस्त्याच्या कडेने इतके भरभर चालले की मला रिक्षा करून त्यांना गाठावं लागलं. "मी देतो," मी म्हटलं. ते म्हणाले, "जावईबापू, जावयाला द्यायचं असतं. घ्यायला लागलो तर मावशी मला घरात घेणार नाही."

राहिला सरकारी दवाखाना. तिथे डॉक्टर तरुण आणि सभ्य होता, रांग मात्र पार फाटकाबाहेर गेली होती. काकांचा नंबर लागला तो दुपारी. "दर्द है?" डॉक्टरने विचारलं. काका चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही दुखण्याची हिंदी शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "दर्द हमेशा नहीं होता. बीच-बीच में कळ आती है."

"कौन आती हैं?"

"कळ! कळ आती है!"

"ठीक है अंकल," डॉक्टर समजुतीने म्हणाला, "कल आती हैं तो कल ही ले आइए. मैं देख लूँगा." आणि पुढच्याला बोलावलं.

काका घरी आले ते विजयी मुद्रेने. "ज्या भाषेत ळ नाही," लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत ते गच्चीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात म्हणाले, "त्या भाषेत दात दुखल्याचं सांगणारच कसं?" मावशी म्हणाल्या, "उद्या मी येते. मला घेऊनच बोलावलंय ना?"

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, त्यांनी 'टीस उठती है' असं सांगितलं आणि डॉक्टरला सगळं कळलं. दात वाचवायचे तर पुढच्या हिवाळ्यातली तारीख होती. काढायचे तर आत्ता. काकांनी खुर्चीभोवती तीन फेऱ्या मारल्या म्हणे. मग बसले.

त्यांनी वर्ग मात्र थांबवला नाही. तो सबंध उन्हाळा त्यांचा च दोन दातांच्या जागेतून वारा घेऊन निसटायचा. 'चोराने' म्हणताना आधी बारीक शीळ वाजे आणि मग चोर येई. मोठी माणसं हसू दाबत. मुलं हसत नसत, मन लावून ऐकत.

पावसाळ्यात एका डेंटल कॉलेजात शिकाऊ मुलांनी त्यांना परवडेल अशी कवळी बसवून दिली. चकली चावता येऊ लागली, पोळी चहात बुडवावी लागेना. पण दातांमागची पट्टी जाड होती. जीभ आपल्या जागी पोचायच्या आधीच अडायची, आणि काकांच्या तोंडून, स्वच्छ, निर्दोष, चाचाचा च बाहेर पडायचा. "दात हिंदी बसवले हो," ते मला म्हणाले. पट्टी घासून द्या म्हणून ते परत गेले, तर कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अंकल, खाना तो चब रहा है ना?" खाना चब रहा था.

गणपतीत मुलांचं पाठांतर झालं. पुण्याहून एक विद्वान पाहुणे बोलावले होते. त्यांच्या परिचयालाच आरतीहून जास्त वेळ लागला. मुलं ओळीने उभी राहिली आणि कविता म्हणू लागली, आणि चमच्यातल्या प्रत्येक च-च्या आधी एक बारीक शीळ वाजू लागली. डझनभर मुलांच्या तोंडून एकसाथ. उन्हाळाभर त्यांनी जे ऐकलं ते चोख उचललं होतं. काका हॉलच्या मागे फेऱ्या घालत होते, ते थांबले.

पाहुणे भारावून उठले. म्हणाले, "हा उच्चार महाराष्ट्रातून केव्हाच लोपला. पानिपतानंतर उत्तरेत राहिलेल्या मराठ्यांनी तो जपला असावा." टाळ्या पडल्या. कुणीतरी पाहुण्यांना शाल दिली, ती तिसरी होती.

चपला घालताना माझी मुलगी काकांना म्हणाली, "आजोबा, मी बरोबर बोलली ना?"

काका तिच्याकडे पाहत राहिले. "अगदी माझ्यासारखं," ते म्हणाले.

ती पळाल्यावर मी पुन्हा पैशांची गोष्ट काढली. चांगले दात बसवून घ्या, जावयाचं सोडा, मुलांसाठी म्हणून घ्या. विशेष म्हणजे काका जागचे हलले नाहीत.

"पैसे राहू द्या. तुमचा च पुण्याचा आहे ना? मग रविवारी येत जा. एवढं एकच वाक्य मुलांसमोर म्हणायचं. बाकीचं मी बघतो."

तेव्हापासून रविवारी मी जातो. मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. मी चोर, चूल आणि चमचा सावकाश म्हणतो. काका त्या वेळी माझ्या शेजारी खुर्चीवर, चक्क बसलेले असतात, डोळे मिटून. आणि मिटलेल्या ओठांआड त्यांची जीभ आपली जुनी जागा शोधत असल्याचं गालावरून कळत राहतं.