मोसम सरल्यावरची राइड

होळी झाली तरी माझा नवरा रोज सकाळी चहा निवेपर्यंत मोबाइलवर सायकलच्या लांब पल्ल्याच्या राइड शोधत बसायचा. निकालात आपलं नाव शोधावं तसं त्याचं बोट पडद्यावरून हळूहळू खाली सरकायचं. थंडीत त्याचा हात मोडला होता. प्लास्टर निघेपर्यंत बहुतेक क्लबांनी मोसम आवरला होता. तीन आठवड्यांनी साताऱ्याजवळची दोनशे किलोमीटरची एक राइड सापडली. त्याने लगेच फोन लावला.

"काका, ऊन फार असेल," आयोजक म्हणाले. "आतापर्यंत चौघांनीच नावं दिलीत."

"मग मी पाचवा," हा म्हणाला.

राइडच्या दिवशी मी ती संपते तिथे वाट पाहत उभी होते. इतक्या उन्हात ही माणसं कशाला निघतात, ते मला कळत नव्हतं. राइड पूर्ण करायची ठरलेली वेळ संपायला दहा मिनिटं असताना पाचही जण एकत्र आले, घामाने निथळत, एकमेकांसाठी थांबत.

"तुला लवकर येता आलं असतं ना?" मी विचारलं.

"आलं असतं," तो म्हणाला, "पण ही माणसं सापडायला मला तीन आठवडे लागले."