मामांना सापडलेला काळा दगड

काचीगुडा स्टेशनवर मामा मला घ्यायला आले ते कापडी पिशवी छातीशी धरूनच. पिशवीत तो दगड होता; तोच तपासून घ्यायला मी परभणीहून आले होते. घरी ठेवून यायला त्यांचा जीव झाला नव्हता.

मागच्या थंडीत मामा-मामी अंबरपेठच्या घराच्या गच्चीवर बसले होते. मामी एकदम ओरडली, "अहो, बघा!" मामा वळेपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं. हिरवट उजेडाचा गोळा सरकत गेला आणि गुट्ट्यामागं (खडकाळ टेकडीमागं) पडला, असं तिचं म्हणणं. शेजारी हसले. थोड्याच दिवसांनी मामी गेली. तेव्हापासून मामा दर रविवारी शहराबाहेरचे गुट्टे पालथे घालत होते, आणि अखेर त्यांना हा काळा, जड दगड मिळाला.

घरी त्यांनी स्वतः केलेली खट्टी दाळ (चिंचेची आंबट डाळ) आणि भात वाढला. माझा घास तोंडात असतानाच दगडाला लोहचुंबक लावला. टक्कन चिकटला.

"आसमानी माल आहे बाई. शक नक्को करूस."

माझी कॉलेजची मैत्रीण सुनंदा जामबागेजवळ भूगर्भशास्त्र शिकवते. मामीनं पाहिलेल्या गोळ्याची हकिगत मी तिला फोनवर सांगितली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं तिच्याकडे निघालो. मामा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले पाहून रिक्षावाल्यानं विचारलं, "सोना है क्या, चाचा?"

"आसमान से गिरा सो पत्थर है, मियाँ."

"तो जोर से पकड़ के बैठो, वापस नक्को उड़ जाए!"

मामा खळखळून हसले. मला मात्र धास्ती वाटत होती. दगड साधा निघाला, तर हे पुन्हा हसतील का?

सुनंदानं दगड हातात तोलला, भिंगाखाली फिरवला. मग मामांची परवानगी घेऊन एक कोपरा घासला आणि भिंग त्यांच्याच हाती दिलं.

"काका, आत काय दिसतंय?"

"बारीक भोकं. जाळीवानी."

"अशनीत (आकाशातून पडलेल्या दगडात) असे बुडबुडे सहसा नसतात. हे लोखंडाच्या भट्टीतलं कीट आहे, गाळताना उरलेला मळ. पूर्वी तिथं कुणीतरी लोखंड गाळलं असणार. लोखंड आहे, म्हणून चुंबक धरतो."

मामांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तिला दिसलं ते खोटं?"

"छे! दगड वेगळा, उजेड वेगळा," सुनंदा म्हणाली. "असे बहुतेक गोळे वरच जळून जातात, खाली काही येत नाही. हिरवा रंगही दिसतो त्यांचा. काकूंनी उल्काच पाहिली असणार."

मामांनी चष्मा काढून पुसला. दगड तिच्याच टेबलावर ठेवला. "पोरांना शिकवायला होईल," म्हणाले.

आबिड्सला इराणी चहा पिताना त्यांनी मामीच्या बहिणीला फोन लावला. "अगं, सुशीलानं पाहिलं ते खरं होतं. कॉलेजच्या बाईंनी सांगितलं." दगडाबद्दल एक शब्दही नाही. मग आणखी एक फोन, शेजाऱ्यांना. चहा गार होऊन गेला.

परभणीला पोचले तर आई दारातच उभी. "काय निघालं गं?"

"दगड भट्टीतला निघाला. आणि मामा खुशीत आहेत."

तिला काही उमजेना. मग मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.