शरयूने दिलेला पत्ता

शरयू दामले लग्न होऊन अमेरिकेत अर्विंगला आली ती त्र्याण्णव साली. नवरा प्रसाद टेलिफोन यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला आवाज लावावा तो प्रसादनेच, आणि शंभर माणसांचा मसालेभात करावा तो शरयूने, असं लोक म्हणायचे. दोन हजार एक संपता संपता कंपनीने निम्मी माणसं काढली, त्यात प्रसादही गेला.

वर्षभर तो अर्ज करत राहिला. आधी मंडळात जाणं बंद झालं, मग मित्रांचे फोन घेणं. घर हातचं गेलं, लेक अनयासह तिघं एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये आली. मग एक दिवस "अमरिलोला काम आहे म्हणतात, बघून येतो," म्हणून तो गाडी घेऊन गेला आणि परतलाच नाही. रविवारी फोन मात्र न चुकता यायचा. तिथल्या हायवेवरच्या एका मोटेलात तो काउंटरवर बसायचा, राहायचाही तिथेच. मिळत होतं ते त्याच्या एकट्याच्या पोटापुरतं.

"तू नुसता ये रे. नोकरीचं मग बघू," शरयू म्हणायची.

"असलं तोंड घेऊन नको. नीट काम लागलं की येतो. आणि मी कुठे आहे ते कुणाला सांगू नकोस."

तिने कुणालाच सांगितलं नाही.

तिच्या नागपूरच्या बीएस्सीला इथे कुणी विचारत नव्हतं. मंडळातल्या नीलाकाकू, निवृत्त डॉक्टर, एकदा घरी आल्या. त्यांनी फ्रिज उघडला आणि लगेच बंद केला. "तुझं ग्रीनकार्ड जुनं आहे, पोरगी इथे जन्मलेली. सरकारी मदत मिळेल तुला," त्या म्हणाल्या. "लाज कसली त्यात? इतकी वर्षं टॅक्स भरलाय ना तुम्ही?"

सरकारी मदतीच्या ऑफिसातली बाई, मिसेस ओर्टेगा, प्रेमळ होती. तिने स्वावलंबनाचा करार शरयूपुढे ठेवला आणि एकेक कलम वाचून समजावलं. काम शोधायचं, प्रशिक्षणाला यायचं, मुलीची शाळा चुकवायची नाही. शरयू प्रत्येक वेळी मान डोलावत होती.

"आणि मुलीचे वडील कुठे आहेत ते सांगायचं. मुलीचा खर्च त्यांनी द्यावा म्हणून सरकार त्यांच्यावर केस करेल."

"ते सोडून गेलेले नाहीत. दर रविवारी फोन करतात."

"पण घरी नाहीत ना? मग आमच्या हिशेबी ते गैरहजर. पत्ता माहीत असून दिला नाहीत, तर मदत मिळणार नाही."

शरयूने पेन खाली ठेवलं आणि उठून बाहेर आली. गाडीत नीलाकाकूंना म्हणाली, "त्याच्या दारात कोर्टाची नोटीस गेली ना काकू, तर तो कधीच यायचा नाही."

त्या हिवाळ्यात शाळेतून फोन आला. दहा वर्षांची अनया खेळाच्या तासाला श्वास कोंडून पडली होती. इमर्जन्सीत तिच्या तोंडावर मास्क होता. शरयूने विचारलं, "दम्याचा पंप घेतला नव्हतास का गं?"

अनयाने मास्क बाजूला केला. "आय वॉज सेव्हिंग इट, आई. सो यू डोन्ट हॅव टू बाय अ न्यू वन."

दुसऱ्याच दिवशी शरयूने करारावर सही केली आणि मोटेलचं नाव सांगितलं.

रविवारी फोन आला. आधी त्याच्या कानावर घालायचं असं तिने ठरवलं होतं. पण प्रसाद खुशीत होता, डेन्व्हरच्या एका कंपनीने बोलावलंय म्हणत होता. खूप दिवसांनी तो हसला. तिच्याने काही सांगवलं नाही. नोटीस त्याच आठवड्यात पोचली, आणि ती घेऊन आलेल्या माणसाने मोटेलच्या मालकासमोरच ती त्याच्या हातात दिली. त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला.

कोर्टात तो आला. गुळगुळीत दाढी केलेली, कोट खांद्यांवरून ओघळणारा. जे जे विचारलं त्याला "येस सर" म्हणाला. बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं समोरासमोर आली.

"मी पळालो नव्हतो, शरयू."

"मला माहीत आहे."

"त्यांनी तसंच लिहिलंय."

"अनया आजारी होती रे. दुसरा इलाज नव्हता." मग ती म्हणाली, "खाली नीलाकाकूंजवळ बसलीय. बोलावू?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. "आज नको," म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला.

डेन्व्हरचं काम झालंच नाही; पुढे त्याच्या मोटेलच्या पगारातून अनयाचा खर्च कापला जाऊ लागला. त्यात त्याने कधी कसूर केली नाही. तो मात्र आला नाही. शरयूने मोटेलवर फोन केला की मालक पटेलभाई अवघडून सांगायचे, "प्रसादभाई अभी बाहर गये हैं." त्यांच्या मागे कुणीतरी खाकरलेलं तिला ऐकू यायचं.

ती प्रशिक्षणाला गेली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, मग एका पाळणाघरात. दोन हजार चारमध्ये तिची मदत थांबली. मिसेस ओर्टेगाने उठून तिचा हात हातात घेतला. "आता तुम्ही स्वतःच्या पायांवर उभ्या आहात." शरयू थँक यू म्हणाली. बाहेर येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसली, आणि दोन बसगाड्या गेल्या तरी तिला उठवेना.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये पटेलभाईंचा फोन आपणहून आला. प्रसाद काउंटरवरच खुर्चीत गेला होता. हार्ट अटॅक.

नीलाकाकूंनी गाडी काढली. अमरिलोला पटेलभाईंच्या बायकोने शरयूला चहा दिला आणि डोळे पुसत म्हणाली, "रोज आपकी बात करते थे. बेटी पढ़ाई में कितनी तेज़ है, आप कितने बच्चों को सँभालती हैं. आप लोग कभी आए क्यों नहीं?"

शरयूने बशी खाली ठेवली. न बोलवता जाऊन त्याची मान आणखी खाली घालायला लावायची नाही, म्हणून इतकी वर्षं ती थांबली होती. आणि तो तिकडे बसून लेकीचे निकाल कुठून कुठून मिळवत होता.

परतताना मागच्या सीटवर अनया अस्थींचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही बाजूंनी नुसतं पिवळं माळरान चाललं होतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "व्हाय डिड यू गिव्ह देम हिज ॲड्रेस, आई?"

इमर्जन्सीतला तो दिवस पोरीच्या लक्षात राहिलेला नव्हता, किंवा त्याचा आणि याचा संबंध तिने कधी जोडला नव्हता. नीलाकाकूंनी गाडी चालवता चालवता शेजारी बसलेल्या शरयूकडे पाहिलं.

"भाडं थकलं होतं," शरयू म्हणाली.

"दॅट्स इट? फॉर रेंट?"

"हो."

अनयाने तोंड खिडकीकडे फिरवलं. अर्विंग येईपर्यंत ती आईशी एक शब्द बोलली नाही, आणि शरयूने तिला बोलतं करायचा प्रयत्नही केला नाही.