बातम्यांची खोली

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पुढच्या एका गावात, एएम रेडिओ स्टेशनच्या बातम्यांच्या खोलीत मी नोकरीला होते. आम्ही तिघं. वयस्कर संपादक, एक बातमीदार आणि मी. रोज सकाळी पोलीस, फायर स्टेशन, हॉस्पिटल, सगळीकडे फोन करून काय घडलं ते विचारायचं, हे माझं काम. संपादक म्हणजे कामाला वाघ. तोंडाने मी त्यांना सर म्हणायचे, मनातल्या मनात काका.

बर्फ पडला की शाळांचे फोन यायचे. आज शाळा बंद, असं कळवणाऱ्या प्रत्येक प्रिन्सिपॉलला परवलीचा शब्द विचारायचा नियम होता, कारण सुट्टीसाठी पोरं वाट्टेल ते करतात. एका सकाळी एका प्रिन्सिपॉलचा फोन आला. आवाज म्हातारा, दमलेला, मध्येच खोकला. मी नाशिकच्या मास्तरांची मुलगी. हेडमास्तरांनाच ‘तुम्ही खरे कशावरून’ असं विचारायला माझी जीभ रेटेना. ‘येस सर’ म्हणून शाळा यादीत टाकली आणि आमच्या सरांनी यादी रेडिओवर वाचली. शाळा उघडी होती. फोन कुणा कार्ट्याचा होता. निम्मे वर्ग रिकामे राहिले.

स्टेशनचा मॅनेजर तणतणत आला. मी तोंड उघडणार तोच सर म्हणाले, “मी तपासलं नाही. चूक माझी.” नऊच्या बातम्यांत त्यांनी गावाची माफी मागितली. मला एक शब्द बोलले नाहीत. चांगलं झापलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वर्षभरात स्टेशन विकलं गेलं. नव्या मालकांना सॅटेलाइटवरून येणारा गप्पांचा कार्यक्रम दिवसभर हवा होता. गावात कुणाचं गॅरेज जळलं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आधी बातमीदार गेला. मग एकालाच ठेवायचं ठरलं, सर किंवा मी. मॅनेजरने ती जुनी चूक उकरून काढली आणि सरांना घरी बसवलं.

सर खोक्यात सामान भरत होते. मी म्हटलं, “सर, मी आत्ता जाऊन खरं सांगते.” मला रडू आवरत नव्हतं.

“सांगून काय होणार? दोघांनाही काढतील,” ते म्हणाले. “मग फायर स्टेशनला फोन कोण करणार?”

मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे उरल्यासुरल्या बातम्याही बंद झाल्या आणि माझ्याकडे जाहिरातींच्या टेप लावायचं काम आलं. तरी सकाळचे फोन मी सोडले नाहीत. नवरा म्हणायचा, “अगं, हे ऑन एअर जातच नाही, मग टाइम कशाला वेस्ट करतेस?” मी सगळं लिहून काढायचे आणि सरांच्या घरी फोन लावायचे. ते एकटेच राहत. मी वाचायचे, चर्चच्या तळघरात पाणी शिरलं, दुधाचा ट्रक उलटला. ते मध्येच थांबवत, “कुठल्या रस्त्यावर?”

मला माहीत नसायचं.

“मग पोलिसांना पुन्हा फोन कर,” ते म्हणत. “मी थांबतो.”