खैरनार सरांनी न दिलेला अर्क

खैरनार सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊन. गंगापूर रोडवरच्या आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो. कर्करोगावरच्या एका नव्या औषधाने गाठ आटे, पण मूत्रपिंडं निकामी होत. पुनर्नवेच्या, म्हणजे बांधावरच्या घेटुळीच्या, अर्काने ती वाचतील का, हे सर उंदरांवर पाहत होते. कोणत्या पिंजऱ्याला अर्क दिला हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा त्यांचा दंडक. तपासणारा मीच, तरी मी उत्साहाने तीच चौकशी केली आणि वर म्हणालो, "सर, अर्कवाले उंदीर मस्त दिसताहेत."

"झालं! आता तुम्हाला जे दिसावंसं वाटतंय तेच दिसणार," सर कडाडले आणि माझी सगळी निरीक्षणं त्यांनी रद्द केली. थोड्या वेळाने मात्र स्वतःच चहा घेऊन आले. आधी झाडायचं आणि मग चहा पाजायचा, ही सरांची रीत आमच्यातल्या प्रत्येकाने अनुभवली आहे.

अर्काचा गुण दिसू लागला तेव्हा आम्ही नाचायचेच बाकी होतो. त्याच सुमारास सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, कर्करोग निघाला. औषध तेच आणि मूत्रपिंडांची भीतीही तीच.

काकू सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. माझ्यादेखत सरांना म्हणाल्या, "तुम्ही उंदीरस्ले देतस, माले काबर नही?"

सर खाली बघून म्हणाले, "अगं, मूत्रपिंडाला वाचवणारा अर्क गाठीलाही वाचवत असला तर? आमचे उंदीर सगळे निरोगी. गाठ असलेल्या उंदरावर अजून पाहिलंच नाही."

"मंग लवकर देखा ना," काकू हसून म्हणाल्या.

सरांनी जिवाचं रान केलं. पण तसे उंदीर मिळवायला वेळ लागतो आणि रोग कोणासाठी थांबत नाही. काकूंची मूत्रपिंडं गेली आणि पाठोपाठ काकूही गेल्या. दिवसकार्य आटोपून सर पिंजरे साफ करायला आले, तेव्हा आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

तो प्रयोग त्यांनी नंतर पुरा केला. अर्काने गाठीला बळ मिळालं नव्हतं, निदान उंदरांत तरी. निकाल मीच वाचून दाखवला. सरांनी कागद घेऊन तो पुन्हा स्वतः वाचला. मग म्हणाले, "म्हणजे देता आलं असतं."

"सर, तेव्हा आपल्याला ते माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणूनच दिलं नाही. बरोबरच वागलो मी. काय उपयोग झाला त्याचा?"

पुढे ते काम बंदच पडलं आणि अर्क माणसांपर्यंत पोचला नाही. सरांच्या साठीच्या अशा गौरवग्रंथात यशाच्या गोष्टी लिहाव्यात, हे मलाही कळतं. माझ्याजवळ ही एकच आहे.

साठीनिमित्त सत्काराचं विचारायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "कशाचा सत्कार करताय?" सर, घरचं माणूस हातातून निसटत असतानाही ज्यांच्याने न तपासलेलं औषध देववलं नाही, त्यांचा. तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. काकूंशिवाय ती वर्षं तुम्हाला नकोशी होतील, हे ठाऊक असूनही आम्ही आमच्या स्वार्थासाठी ती मागतो आहोत.