सईचा डावा गुडघा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्ही माझे कोण? — कुणी नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका प्लेस्कूलमध्ये मी तीन-चार वर्षांच्या मुलांना योग शिकवते. योग कसला — मांजर व्हायचं, झाड व्हायचं, साप होऊन फुसफुसायचं. "तितली बनो!" म्हटलं की सगळी तळपायाला तळपाय लावून बसतात आणि फुलपाखराच्या पंखांसारखे गुडघे फडफडवतात. अंग मोकळं होतं, तोल सुधारतो, हे खरं आहे. पण मी तेवढ्यावर थांबत नव्हते. पालकांच्या मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगायचे की योगाने सगळं सरळ होतं. सगळं! माझं शिक्षण म्हणाल तर एक महिन्याचा कोर्स आणि भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट.

सई त्या वर्गातली. साडेतीन वर्षांची, गोबरी, बडबडी. बाबांच्या नोकरीमुळे नागपूरहून इकडे आलेली. भोपाळात मराठी माणूस भेटला की आपण किती पटकन विरघळतो, ठाऊक आहे ना? सईच्या आईची, वैशालीची, मी पहिल्याच दिवशी ताई झाले. घरचं माणूस. तिला इथे विचारायला दुसरं होतंच कोण?

तितली करताना सईचा डावा गुडघा खाली जायचा नाही. उजवा सतरंजीकडे झुकायचा, डावा तसाच वर. मी तो दाबायचे. हळूच — नाही, नेहमीच हळूच नाही. एकदा ती रडली, तेव्हा सगळ्यांसमोर मी तिला "आलसी तितली" म्हटलं. मुलं हसली. डोळे पुसत तीही हसली. तिच्या त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

आणि मला दिसलं होतं. एका पायावर उभी राहिली की तिची कंबर एका बाजूला कलायची, चालताना किंचित झोक जायचा. रोज इतकी मुलं पाहते मी. हे बाकीच्यांसारखं नाही, एवढं न कळायला मी काय आंधळी होते?

मग एक दिवस वैशालीने विचारलंच. शाळेच्या फाटकापाशी, सईची पाण्याची बाटली खांद्याला अडकवून. "ताई, ही थोडी लंगडते असं मला लगातार वाटतंय हो. हे म्हणतात, वहम आहे तुझा. हड्डीच्या डॉक्टरला दाखवू का?"

एक शब्द पुरे होता — दाखव. का नाही म्हणाले? मीटिंगमधली माझीच वाक्यं आडवी आली. योगाने सरळ होत नाही असंही काही असतं, हे मला स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं नव्हतं. मी हसले. म्हणाले, "डॉक्टर कशाला गं? सहा महिने माझ्याकडे सोड, पळायला लागेल." ती इतकी खूश झाली की तिने माझे हातच धरले.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मी गुडघा दाबत राहिले.

सुट्टीत नागपूरला सईच्या आत्याने तिची चाल पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी एक्स-रे काढायला लावला. मांडीचं हाड जन्मापासूनच खुब्यात नीट बसलेलं नव्हतं. मोठं ऑपरेशन झालं, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आधी आणलं असतं तर बहुधा इतकं करावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सई आता चालते. पाय थोडा आखूड राहिला आहे.

वैशाली जाब विचारेल म्हणून मी उत्तरं रचून ठेवली होती. पण ती आली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच घरी, आणि चार बायकांसमोर रडली. "मी आई असून मला दिसलं नाही, ताई. मीच टाळत राहिले. तुम्ही तर बिचाऱ्या रोज मेहनत घेत होतात." फाटकापाशी काय बोलणं झालं, ते ती विसरली होती? की आठवत असूनही दोष तिने स्वतःकडेच घेतला? मी कधी विचारलं नाही.

बायका माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं. आईचंही कधीकधी लक्ष राहत नाही."