सुट्टी नसलेली गोळी

माझ्या मुलीला एका जागी बसता येत नाही, हे मला शाळेने सांगितलं, आणि अशा सुरात सांगितलं की जणू मीच तिला रोज सकाळी चावी भरून पाठवते. तेव्हा ती दुसरीत होती. वहीत अर्धं वाक्य, मग खिडकीबाहेरची खार, मग पुढच्या मुलीची रिबीन, आणि उरलेलं अर्धं वाक्य कधी यायचंच नाही. बाई तक्रार करायच्या, मी मान डोलवायची. मग शाळेपासून हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरापर्यंत रिक्षात बसून मनातल्या मनात बाईंना एकाहून एक सडेतोड उत्तरं द्यायची. तोंडावर एकही दिलं नाही.

नातेवाईकांकडे तर फुकटचा सल्ला भरपूर होता. मोबाईल काढून घ्या, साखर बंद करा, दोन धपाटे द्या. धपाटेही देऊन झाले होते, ते वेगळं. शेवटी उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिच्याशी खूप वेळ गप्पा मारल्या, आम्हाला आणि शाळेला ढीगभर प्रश्न विचारले, आणि दोन-तीन भेटींनंतर म्हणाल्या, "एडीएचडी आहे. लाडावलेली नाही, वाह्यात नाही. तिच्या मेंदूला ब्रेक लागायला जरा उशीर होतो, एवढंच." मी तिथेच रडायला लागले. इतकी वर्षं पोरीला आणि मला नावं ठेवून घेतल्यावर कुणीतरी साधं, माणसासारखं बोललं होतं.

पहिली गोळी स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारी होती. सकाळी नाश्ता झाला की द्यायची, तासाभरात असर सुरू, संध्याकाळपर्यंत उतरली. आणि असर म्हणजे काय विचारता! पहिल्याच आठवड्यात वही भरून आली. नवरा अंबरनाथच्या कारखान्यातून घरी आला, वही उघडून त्याने कव्हरवरचं नाव बघितलं, कुणा दुसऱ्याची तर नाही ना म्हणून. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. त्या दिवशी वाटलं, सुटलो.

पण डबा जसाच्या तसा परत यायला लागला. भाजी-पोळी, इडली, अगदी तिचा आवडता शिरासुद्धा. गाल बसले. रात्री अंथरुणात टक्क जागी पडून राहायची, आणि डोळे सारखे मिचकावायची एक सवय लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रविवारी आणि सुट्टीत नका देऊ, तेवढीच भूक लागेल. हिचं काम त्या दिवसापुरतंच असतं, मध्ये थांबवली तरी बिघडत नाही." तेव्हापासून आमच्या घरात ती 'शाळेची गोळी' झाली. शाळा असली की गोळी, शाळा नसली की नाही. इतकं सोपं होतं की मुलीलाही पाठ झालं.

सुट्टी म्हणजे माझी आई. ती बदलापूर गावात एकटी राहते. पुढे अंगण, बाजूला तुळस आणि पेरूचं झाड, आणि सगळी आळी नात्यातली नसली तरी नात्यासारखी. माझ्या दोन खोल्यांत पोरीचं पळणं म्हणजे आजार होता. आईने त्या पळण्याला कामाला लावलं. "बाय, शेजारी ही वाटी देऊन ये." "बाय, पापडांवर कावळा येतोय बघ." दिवसभर पोरगी वाऱ्यावर असायची आणि संध्याकाळी तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी घेऊन असं जेवायची की मला दृष्ट काढावीशी वाटायची. जगात ती एकच जागा होती जिथे माझ्या मुलीला कुणी सुधारायला बसलेलं नव्हतं. शाळा तिला सहन करत होती, आम्ही तिला सांभाळत होतो. आई तिची वाट बघायची. हा फरक लेकराला कळतो.

वजन काही वाढेना आणि डोळ्यांचं मिचकावणं थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. नवी चिठ्ठी घेऊन मी उल्हासनगरातल्याच एका मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने चिठ्ठी बघितली, मुलीकडे बघितलं, आणि भरल्या दुकानात विचारलं, "भाभी, ये तो बीपी की गोली है. बच्ची को बीपी है क्या?" सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "नहीं, मेरा बढ़ रहा है, आप गोली दो."

पण होती ती खरंच रक्तदाबाची गोळी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हे औषध जुनं, मोठ्या माणसांच्या बीपीचं, पण अशा मुलांचं डोकंही जरा थंड ठेवतं. स्टिम्युलंट भूक मारतं, झोप उडवतं, छातीचे ठोके थोडे वाढवतं. हे उलट झोप आणतं, दाब आणि ठोके उतरवतं, भुकेच्या वाटेला सहसा जात नाही. फक्त तासाभरात चमत्कार होणार नाही, काही आठवडे थांबावं लागेल, आणि जोरही पहिलीइतका नसेल. तसंच झालं. सुरुवातीला पोरगी दुपारी बाकावर झोपायची, तोंड कोरडं पडतं म्हणून सारखं पाणी मागायची. मग हळूहळू रुळली. जेवायला लागली, झोपायला लागली. वही पुन्हा अर्धवट यायला लागली, पण पहिल्यासारखी रिकामी नाही. मला सौदा मंजूर होता. गाल परत आले होते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंनी बोट उगारून सांगितली होती. "हिला सुट्टी नाही. एकदम बंद करायची नाही, कधीच. थांबवायची झाली तर मी हळूहळू कमी करेन." मी नवऱ्याला सांगितलं. मे महिन्यात मुलीला सोडायला गेले तेव्हा आईला सांगितलं, "औषध बदललंय. ही बीपीची गोळी आहे, ही रोज द्यायची, सकाळ-संध्याकाळ." आई भाकरी थापत होती. "हो गं, कळलं," म्हणाली. मुलगी तोवर पेरूच्या झाडावर चढलीसुद्धा होती.

सोडून आल्याच्या दोन दिवसांनी दुपारी फोन आला तो आईच्या शेजारच्या काकूंचा. पोरीचं डोकं भयंकर दुखतंय, उलटी झाली, हातपाय थरथरतायत. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर आईच्या मांडीवर पडली होती आणि फ्रॉकवरून तिची छाती उडताना दिसत होती. इतक्या लहान छातीत एवढी धडधड मी कधी बघितली नव्हती. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला. मग विचारलं, औषध काय चालू आहे? मी नाव सांगितलं. "आज दिली होती?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गोळी? आता सुट्टी लागलीय ना."

किती सरळपणे म्हणाली ती. शाळा बंद, म्हणून शाळेची गोळी बंद. त्यात बीपीची म्हटल्यावर तर तिचं काळीजच हललं होतं. ती स्वतः बीपीची गोळी घेते, तिला त्याने गरगरतं, आणि एवढ्याशा पोरीला तेच कशाला, निदान माझ्याकडे असेपर्यंत तरी तिची सुटका होऊ दे, असा तिने विचार केला होता. मायाच केली होती. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद झाल्यामुळे दाब उसळलाय.

मी ओरडले नाही. आमच्या सगळ्या खानदानात माझं तोंड प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी आवाजच फुटला नाही. कधीकधी वाटतं, ओरडायला हवं होतं. आई उलट माझ्यावर ओरडली असती, दोघी रडलो असतो आणि विषय संपला असता. मी गप्प राहिले आणि ते गप्प राहणं तिने शिक्षेसारखं घेतलं.

मुलगी बरी झाली. गोळी परत सुरू झाली, दाब उतरला, तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात पलंगावरून उड्या मारायला लागली आणि नर्स वैतागली. पुढे डॉक्टरीणबाईंनी आईला मुद्दाम बोलावून घेतलं. "आजी, तुमची चूक नाही. त्या गोळीला सुट्टी चालायची, हिला चालत नाही. दोन्हींचा स्वभाव वेगळा." आई पदराची गाठ सोडत-बांधत ऐकत राहिली. पण तिने हाय खाल्ली होती, ती खाल्लीच.

दिवाळीच्या सुट्टीत पाठवते म्हटलं तर म्हणाली, "नको बाय, माझ्याच्याने नाय व्हायचं." मी म्हटलं, मी फोन करेन, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचे कप्पे असलेली डबी देईन, शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवेन. नाहीच. नाताळातही नाही. पूर्वी तिचा फोन आला की, काय खाल्लं, काय तोडलं, कुणाशी भांडली, असं अर्धा तास चालायचं. आता एकच प्रश्न. गोळी दिली का? दिली म्हटलं की फोन ठेवून देते.

मागच्या रविवारी आम्ही दोघीच भेटायला गेलो, दुपारपुरत्या. मुलीने चपला भिरकावल्या आणि अंगणात सुटली. आई दारातून किंचाळली, "अगो पळू नको! इथे ये, माझ्याजवळ बस." पोरगी थबकली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय. मग येऊन बसली. आईने तिच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"आई, पळू दे गं तिला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, खेळायला काही हरकत नाही."

"तू नव्हतीस तेव्हा. मी बघितलंय," आई म्हणाली. हात काढला नाही.

चहा होईपर्यंत माझी मुलगी बसून राहिली. हात मांडीवर, पाय जुळवलेले. शाळेने इतकी वर्षं जे मागितलं होतं ते तिने आजीला एका हाकेत, कुरकुर न करता दिलं. आईवर रागावता येत नव्हतं, तिचा हात अजून पोरीच्या छातीवरच होता.

परतताना रिक्षात मुलगी बाहेर बघत होती. मग तिने विचारलं, "मम्मी, मी आता आजीकडे पण पेशंट आहे का?"